कांडी भरणारीचा कोपरा

पत्नी गेल्यानंतर चार महिन्यांनी मी तिला पुन्हा पाहिलं. कॉलेज रोडच्या मागच्या एका इमारतीत करड्या भिंतींची खोली होती, तिथल्या पडद्यावर. हे नीट, क्रमानं लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आयुष्यभर नोंदीच केल्या, पण या नोंदीला हात लागत नव्हता.

सुरुवात ग्रंथालयातूनच झाली. सरकारी वाहिनीसाठी पैठणीवर माहितीपट करणारा एक दिग्दर्शक विणकामाची पुस्तकं शोधत आला. चाळिशीचा, नाशिकचाच, बोलण्यात घाई. मी त्याला तीन पुस्तकं काढून दिली आणि कुठल्या पुस्तकात काय चुकीचं आहे तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो परत आला. "सर, निवेदन तुम्हीच लिहा," म्हणाला. माझी सासुरवाडी येवल्याची आणि मेहुणा स्वतः मागावर बसतो हे कळल्यावर तर त्यानं टेबलावर हातच मारला. चित्रीकरण मेहुण्याच्या घरी करायचं ठरलं.

पत्नीचे तेव्हा उपचार चालू होते. डोक्यावरचे केस गेले होते, ती सुती स्कार्फ बांधायची. सात-आठ महिन्यांत ती माहेरी गेली नव्हती. "तुम्ही माझ्या माहेरी जाणार आणि मी इथं औषधं मोजत बसणार?" एवढंच ती म्हणाली, आणि डॉक्टरांना विचारून आम्ही तिला बरोबर घेतलं.

मेहुणा दारातच उभा होता. तो तिच्याहून सहा वर्षांनी लहान, पण मान तिच्यापेक्षा आधी वाकलेली. चाळीस वर्षं मागावर बसलेल्या माणसाची मान तशीच होते.

"दाजी, आधी आत चला. खोली बघा."

मागाच्या खोलीत त्यानं आदल्या दिवशी एलईडीच्या दोन नव्या नळ्या बसवल्या होत्या. भिंतीवरचा प्रत्येक खिळा दिसत होता. टीव्हीवाले येणार म्हणजे उजेड हवा, असा त्याचा साधा हिशेब. दिग्दर्शकानं वर पाहिलं आणि चाचरत म्हणाला, "भाऊ, हे दिवे बंद करावे लागतील."

"बंद? माझ्या लग्नात फोटोवाल्यानं हे एवढाले दिवे लावले होते. तुमचा तर केवढा मोठा कॅमेरा. त्याला दिसत नाय का?"

"जरा जास्तच दिसतं त्याला."

मेहुण्यानं बटण दाबलं ते रागानंच. पण मग खिडकीतून येणारा उजेड तेवढा मागावर राहिला, आणि दिग्दर्शकानं त्याला खांद्याला धरून साडीच्या काठाकडे वळवलं. ट्यूबच्या उजेडात काठाची सोनेरी जर पिवळ्या पट्टीसारखी सपाट दिसते, तो सांगत होता. नेहमीच्या टीव्हीला थोडाच उजेड झेपतो. जरीवर ऊन पडलं की तिथं नुसता पांढरा डाग उमटतो. हा कॅमेरा फोर-के एचडीआरचा. ह्यात ऊनही मावतं आणि सावलीही. मेहुणा मान हलवत राहिला. बहिणीकडे पाहून म्हणाला, "अक्का, ह्यांना अंधारातच दिसतं म्हणे. घुबडंच की गं."

ती हसली. मग दिवे गेल्यामुळे काळोख झालेल्या मागच्या कोपऱ्यात जाऊन चरख्यापाशी बसली. लग्नाआधी तिचं कामच ते होतं. भाऊ आणि वडील विणायचे, ती कांड्या भरायची. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात जो धागा जातो तो आधी छोट्या कांडीवर गुंडाळावा लागतो. दिवसभर चाक फिरवायचं. साडी ज्यानं विणली त्याचं नाव होतं, कांड्या कोणी भरल्या ते कोणी विचारत नाही. मी तिला ते काम करताना कधी पाहिलं नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात एकदाही नाही.

चाकाचा आवाज सुरू झाला तसा दिग्दर्शक थबकला. "ताई, चालू ठेवा. आवाज फार छान येतोय."

"आवाज घ्या. मला घेऊ नका हां. केस उगवले की मग या, तेव्हा हवं तर दोन वेण्या घालून बसते."

"तिथं अंधार आहे ताई, काहीच येत नाही. हे बघा."

त्यांच्याबरोबर एक छोटा पडदा होता, घरच्या टीव्हीसारखा साधाच. भारी पडदा धुळीत आणायचा नाही म्हणून नाशिकलाच ठेवला होता. ती उठून आली, पदराची वीण तपासावी तशी वाकून पाहिली. मागाचा लाकडी सांगाडा होता, जर होती, भावाचे हात होते, आणि मागं नुसता काळा रंग. "खरंच की. मी नाहीच," ती म्हणाली आणि निर्धास्त होऊन परत जाऊन बसली. पुढचे दोन तास मी कॅमेऱ्याशेजारी उभा राहून वहीत टिपणं काढत होतो.

दिवाळीच्या आधी ती गेली. त्याबद्दल इथं लिहीत नाही.

फेब्रुवारीत दिग्दर्शकाचा फोन आला. रंगांचं शेवटचं काम चाललंय, तुमचे शब्द चित्रावर बसतात का ते एकदा पाहून जा. मला जायचं नव्हतं, पण निवेदनात एका नक्षीचं नाव चुकलंय अशी शंका होती, म्हणून गेलो.

खोलीच्या भिंती करड्या होत्या, पडदे करडे, रंगांचं काम करणाऱ्या बाईंचा सदराही करडा. आजूबाजूला रंग असला की डोळा फसतो, त्या म्हणाल्या. माझ्या लाल मफलरकडे पाहून त्यांनी हात पुढे केला आणि तो दाराबाहेर टांगला. "पाच मिनिटं नुसते बसा, सर. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे." समोर दोन पडदे होते. एक त्यांचा भारी, एक बाजारातला साधा टीव्ही. प्रत्येक दृश्य दोन्हींवर लावायचं. "आपली वाहिनी सगळ्यांची आहे ना. ज्यानं नवा टीव्ही घेतला त्याला दिसलं पाहिजे आणि पंधरा वर्षं जुना आहे त्यालाही."

मग त्यांनी पहिलं दृश्य लावलं आणि मी खुर्चीत मागं सरकलो.

मी पैठण्या कमी पाहिलेल्या नाहीत. पण त्या दिवशी वाटलं, जरीची तार मी कधी पाहिलीच नव्हती. खिडकीतलं ऊन तिच्यावर पडलं होतं आणि ते खरंच ऊन होतं, माझे डोळे आपोआप बारीक झाले. तरी त्या लखलखाटात एकेक तार वेगळी मोजता येत होती. तारेला लागून रेशमाचा जांभळा धागा, त्याच्या कडेला सुटलेला केसासारखा तंतू, मेहुण्याच्या अंगठ्याच्या नखावरच्या उभ्या रेघा. हवेत धूळ तरंगत होती आणि तिचा प्रत्येक कण उन्हात येऊन पेटत होता, उन्हाबाहेर जाऊन विझत होता. मी इतकी वर्षं शब्दांची चाकरी केली. माझ्या निवेदनात त्या जागी लिहिलं होतं, 'सोन्याची झळाळी'. मला त्या दोन शब्दांची लाज वाटली.

पुढचं दृश्य लांबून घेतलेलं. अख्खी खोली. मी मागाकडे पाहत होतो, आणि मागच्या कोपऱ्यात काहीतरी फिरलं.

आधी चाक दिसलं. मग चाकावरचा हात, हिरव्या बांगड्या. मग हळूहळू, डोळा जसा रुळला तसा, तिचा खांदा, मान, चेहरा. काळोख होता, पण मागाच्या खोलीत असतो तसा, आत माणूस असलेला काळोख. तिनं स्कार्फ सोडून मांडीवर ठेवला होता. उकडत असणार. कोणाला दिसत नाही म्हटल्यावर सोडला असणार. तिच्या डोक्यावर कोवळी लव आली होती. खिडकीतून येऊन भिंतीवरून परतलेला जो काय उजेड होता तो त्या लवेवर टेकला होता. केस उगवायला लागले होते, आणि मला ते माहीत नव्हतं. ती पुढ्यात चाललेल्या कामाकडे पाहत नव्हती. कॅमेऱ्याच्या बाजूला, थोडं वर पाहत होती. तिथं मी उभा होतो, वहीत मान घालून.

"सर, ह्या कोण? यादीत नाव नाही."

"माझी पत्नी."

बाईंनी चित्र थांबवलं. ती दिवाळीआधी गेली, हे मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "हवा तेवढा वेळ बघा," आणि उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

दिग्दर्शक आला तेव्हा त्याचाही चेहरा उतरला. "आम्ही साध्या पडद्यावर पाहिलं. मी ताईंना शब्द दिला होता." थोड्या वेळानं मात्र त्याच्यातला दिग्दर्शक बोलला. "पण सर, अख्ख्या फिल्ममध्ये असं दुसरं दृश्य नाही." ते खरं होतं.

बाईंनी तेच चित्र साध्या टीव्हीवर लावलं. कोपरा काळा, नीट पाहिलं तर फक्त जरीची एक बारीक रेघ. बऱ्याच घरांत हे असंच दिसेल, त्या म्हणाल्या. पण नव्या टीव्हीवर त्या दिसणार. आणि वाहिनीच्या संग्रहात कायमची राहील ती ही भारी प्रत. कोपरा काळा करता येईल, तसाच ठेवताही येईल. मंगळवारी प्रत पाठवायची होती. तुम्ही सांगाल तसं, असं म्हणून दोघंही माझ्याकडे पाहत राहिले.

मला ती हवी होती. उगाच लपवत नाही. तिच्या फोटोंतून मी तिला रोज शोधत होतो आणि ती सापडत नव्हती, इथं ती होती. तिनं मात्र स्पष्ट सांगितलं होतं, मला घेऊ नका. माझं हवं असणं आणि तिचं नको असणं, यांतलं कोणतं मोठं हे मला एकट्याला ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं येवल्याला गेलो.

मेहुणा मागावरच होता. मी सगळं सांगितलं. त्याचा धोटा थांबला नाही.

"डोक्यावर काही नसताना?"

"लव आली होती. बारीक."

"म्हंजे उगवत व्हते." धोटा थांबला. त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. "मला बी नाय दिसले. शेजारी बसलेलो ना मी, दाजी. हातभर लांब."

आम्ही चहा प्यायलो. मग तो एकदम म्हणाला, "नाय म्हणली ना ती? मग नाय. आता ती भांडायला यायची नाय म्हणून आपण करायचं का?"

मी मान हलवली. निघायला उठलो तेव्हा तो मागून आला.

"पन जरीची तार तिनं भरलीय. त्या दिवसाच्या सगळ्या कांड्या तिच्याच. ती जर कशाला काळी करता? अन् हात. हाताचं ती काय बोलली नव्हती."

मंगळवारी सकाळी करड्या खोलीत मी ते बाईंना तसंच सांगितलं. दिग्दर्शकानं एकदाच सुस्कारा सोडला आणि "चालेल" म्हणाला. बाईंनी पडद्यावर तिच्या चेहऱ्याभोवती एक पुसट वर्तुळ आखलं, मान हलेल तसं ते हलेल असं बसवलं, आणि मला विचारलं, "एकदा पाहता?" मी पाहिलं. मग त्यांनी समोरची छोटी चकती बोटानं फिरवायला घेतली. आधी लव गेली. मग कपाळ, मग डोळे. संध्याकाळी गच्चीवरून शेजारचं घर दिसेनासं होतं तेवढ्याच सावकाशीनं ती आत गेली. हात राहिला, बांगड्या राहिल्या, चाक राहिलं.

"आधीचं दृश्य कॉपी करून देऊ, सर? घरच्या टीव्हीवर दिसणार नाही, पण असू द्या."

मी नको म्हणालो. ते बरोबर केलं की नाही, मला अजून कळलेलं नाही. कधी कधी वाटतं, फोन करावा.

निवेदनातले 'सोन्याची झळाळी' हे शब्द मी तिथंच खोडले. त्या दृश्याला आता शब्दच नाहीत, नुसतं चाक ऐकू येतं.

माहितीपट रविवारी सकाळी लागला. मी येवल्याला गेलो होतो. मेहुण्याचा टीव्ही जुना, रंग थोडे हिरवट. गल्लीतली दहा-बारा माणसं जमली होती. मेहुणा पडद्यावर आला तेव्हा सगळे ओरडले, "हिरो! हिरो!" आणि त्यानं लाजून उशी डोक्यावर घेतली. मग लांबचं दृश्य आलं. माग, खिडकी, आणि मागं काळोख. ह्या टीव्हीवर हातही दिसत नव्हता. पण त्या काळोखात एक बारीक सोनेरी रेघ होती. ती ताणली जात होती, थरथरत होती, गोल फिरून कुठंतरी गुंडाळली जात होती. कोणी धरलीय ते दिसत नव्हतं. आपोआप चालल्यासारखी चालली होती.

"ते मागं काय चमकतंय गं?" शेजारच्या आजींनी विचारलं.

"जर हाय. कांडी भरत्यात," मेहुणा म्हणाला.

"कोण भरतंय?"

त्यानं उशी मांडीवर घेतली. "हाय की, घरचंच माणूस," म्हणाला, आणि रिमोट घेऊन आवाज वाढवला. चाकाची घरघर खोलीभर झाली.

मग येवल्याचा बाजार आला, आणि प्रत्येकाला त्यात आपापलं दुकान शोधायचं असल्यामुळे एकच गलका उडाला.