न केलेला फोन

कोल्हापूरच्या विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरवर मी नऊ वर्षं काढली. लोकांना वाटतं, गळ्यात स्कार्फ बांधून गोड हसायचं काम. हसतंय कोण! माझं निम्मं काम फोनवर चालायचं. सुटायला दीड तास राहिला, की ज्यांनी अजून बोर्डिंग पास घेतला नाही त्यांची यादी काढायची आणि आपल्याच मोबाईलवरून एकेकाला फोन लावायचा. "पावणं, कुठं हाईसा? निघा की आता!" आमची माणसं विमानालाही एसटीला येतात तशी येतात. शिरोलीच्या एका कारखानदाराला मी एकदा असं झापलं, की पुढच्या खेपेला गृहस्थ पेढे घेऊन आले.

मग मुख्य कार्यालयातून मेल आला. कामात बदल. प्रवाशांना फोन करायचा नाही, मेसेज आपोआप जाईल. काउंटर एक तास आधी आपोआप बंद होईल, नंतर कुणालाही उघडता येणार नाही. न ऐकणाऱ्याला काढून टाकू असं काही त्यात लिहिलं नव्हतं, पण त्याच महिन्यात आमच्यातल्या दोघांना घरी बसवलं. माझ्या घरात कमावणारी मी एकटी. चार दिवस तणतणले आणि गप्प बसले.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. हैदराबादच्या विमानाच्या यादीत एकच नाव उरलं होतं. तिकीट त्याच पहाटे काढलेलं. असं तिकीट बघितलं की आम्हाला कळतं, कुणीतरी गेलंय किंवा जायच्या वाटेवर आहे. माझा हात मोबाईलकडं गेला. शेजारी नवे मॅनेजर उभे होते. मी हात मागं घेतला. मेसेज गेला असेल की, मनाशी म्हटलं.

विमान उतरल्याचा आवाज झाला आणि तो आत आला. कबनूरचा, यंत्रमागावर काम करणारा, चाळिशीचा माणूस. काउंटर बंद होऊन वीस मिनिटं झाली होती.

"ताई, आई गेली माझी. हैदराबादला, बहिणीच्या घरात. पाचच्या सुमाराला, असरच्या नमाजानंतर दफन हाय. माती द्यायला जायाचंय."

"अहो, इतका उशीर? मेसेज आला न्हाय?"

"आलता. इंग्रजीत हाय, मला कुठं कळतंय? आणि उशीर कसला? तास झाला की येऊन. भाईर झाडाखाली बसलतो. विमान आल्यावर आत जायाचं म्हणून."

तास झाला होता! एक फोन केला असता तर दोन मिनिटांत माझ्यासमोर उभा राहिला असता.

मी कॉम्प्युटर बडवला. मॅनेजरांवर ओरडले, हात जोडले, मुख्य कार्यालयाला फोन लावायला लावला. काही झालं नाही. काचेपलीकडं विमान भरलं आणि गेलं. त्या दिवशी दुसरं नव्हतं, आणि गाडीनं असरपर्यंत पोचणं शक्य नव्हतं.

तो खुर्चीत बसला. बहिणीला फोन लावला. "माझ्यासाठी थांबू नगासा. मय्यत ताटकळत ठेवायची न्हाय. माझ्या वाटच्या तीन मुठी माती भाच्याला टाकाय सांग." एवढं बोलला आणि मग लहान पोरासारखा रडला. मी पाणी आणून दिलं. दुसरं देण्यासारखं माझ्याकडं काय होतं?

थोड्या वेळानं त्यानं तोंड पुसलं, पिशवी उचलली आणि माझ्यापुढं हात जोडले.

"लई धडपड केलीसा ताई माझ्यासाठी. मशीनपुढं कुणाचं काय चालतंय?"

त्याचं नाव मी वेळेत बघितलं होतं, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी "व्हय" म्हटलं, आणि तो मला दुवा देत निघून गेला.