रेघ दिसली का?

पोस्टकार्ड राहात्याला शाळेच्या पत्त्यावर आलं, मधल्या सुट्टीच्या जरा आधी. अक्षर राजूरच्या पोस्टमास्तरांचं होतं, पण शब्द तात्या सोनारांच्या बायकोचे, जनाकाकूंचे होते. त्यांना लिहिता येत नाही. ‘तात्या गेले. मंगळवारी सकाळी डाग दिला. तुमच्या तांब्याच्या कड्या डब्यात आहेत, सवडीने घेऊन जाणे.’ एवढंच. मी ते वाचलं आणि क्षणभर मला वाटलं, तात्या कुठंतरी गेले आहेत, आणि जाण्याआधी मंगळवारी सकाळी त्यांनी कुणाच्या तरी दागिन्याला डाग देऊन टाकला आहे... मग तारीख पाहिली, पुन्हा वाचलं, आणि वर्गात जाऊन मुलांना शुद्धलेखन घातलं, म्हणजे मला बोलावं लागणार नव्हतं.

असा घोटाळा माझा त्या शब्दापायी दुसऱ्यांदा झाला. कपड्यावर पडतो तो डाग सगळ्यांना माहीत असतो. गावाकडे अंगावरच्या दागिन्यालाही डाग म्हणतात. सोनार दोन टोकं वितळलेल्या धातूनं सांधतो, तेव्हा तो डाग देतो. आणि चितेला अग्नी देतात, त्यालाही डाग देणंच म्हणतात. आमच्या नगरच्या ख्रिस्ती वस्तीत माणूस गेला की माती देतात. त्यामुळे ‘डाग देणे’ हे मी लोकांच्या तोंडून ऐकलेलं होतं ते फक्त मरणाच्या संदर्भात. सोनाराचा अर्थ मला तात्यांच्या दारात कळला, आणि तो ज्या रीतीनं कळला ते त्या घरानं मला कधीच विसरू दिलं नाही.

एकाहत्तर सालचा पावसाळा सरत आला होता. मी राजूरच्या शाळेत मास्तर होतो आणि पुढच्या मे महिन्यात नगरला माझं लग्न ठरलं होतं. रूथ तिथं एका दवाखान्यात परिचारिका होती. आईनं तिच्या पेटीतले चांदीचे दोन जुने रुपये मला दिले होते आणि यांची अंगठी कर, असं सांगितलं होतं. ‘करून घे’ असं तिला म्हणायचं असणार. मी मात्र ते अक्षरशः घेतलं. मी तोवर पुस्तकं वाचण्याखेरीज हातांनी काही केलेलं नव्हतं. रूथचे हात दिवसभर माणसांच्या जखमा बांधत. त्या हातात घालायची वस्तू तरी मी स्वतः घडवावी, असं मला फार वाटलं. धातू कसा वाकतो, कसा जुळतो, हेही पाहायचं होतं. शाळेच्या कपाटातल्या एका पुस्तकात धातूंवर अकरा पानं होती, ती मी तीनदा वाचली होती. मग एका बाजारच्या दिवशी रुपये रुमालात बांधून मी तात्या सोनारांच्या दारी गेलो. दारात जनाकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. तात्या आहेत का, विचारलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, “हायेत आत. डाग द्यायला बसल्यात.”

मी चपला काढल्या. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि जरा वेळ खाली पाहून उभा राहिलो. आतून धूर येत होता. मग हळूच विचारलं, “कोण गेलं?”

काकूंच्या हातातलं सूप थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, आणि मग त्या इतक्या हसल्या की तांदूळ अंगणभर झाले. आतून तात्यांचा आवाज आला, “काय झालं गं?” “मास्तर इचारत्यात, कोन गेलं म्हनून. तुमी घरातच डाग द्याय लागलाय ना.” त्या दिवसापासून मी दिसलो की, चहाच्या आधी, पाण्याच्याही आधी, दोघांपैकी कुणीतरी विचारायचंच, “काय मास्तर, कोन गेलं?”

तात्या तेव्हा साठीच्या पुढे असतील. हडकुळे, पाठीत वाकलेले, बोलणं हळू. शिकवाल का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन बोटं चाचपली. “पेन धरून घट्टा पडलाय एका बोटाला. बाकी हात कोराच हाय,” ते म्हणाले. “रुपयं काकूंकडं ठिवा. आधी तांबं.”

तर मी तांब्यावर शिकलो. शाळा सुटली की मी त्यांच्या दिव्यासमोर बसायचो. तार तापवायची, थंड करायची, निमुळत्या लोखंडी दांड्याभोवती वळवायची, दोन्ही टोकं कानशीनं घासून एकमेकांना अशी भिडवायची की मधून उजेड जाता कामा नये. मग सांध्यावर सवागीचं, म्हणजे टाकणखाराचं, पाणी लावायचं आणि डागाचा बारीक तुकडा ठेवायचा. हा डाग म्हणजे पितळ मिसळलेली चांदी. ती बाकीच्या धातूच्या आधी वितळते. तात्या बाकदार फुंकणी तोंडात धरून दिव्याची ज्योत आडवी करत आणि कडीवर फिरवत. डाग आधी गोळा होतो, थरथरतो, आणि मग एकाएकी पळतो. सांध्यातून चकचकीत रेघ धावते. त्याच क्षणी ज्योत काढावी लागते. उशीर झाला तर कडीच वितळते. ती रेघ मी पहिल्यांदा पाहिली आणि त्या रात्री शाळेचं पुस्तक पुन्हा उघडलं. अकरा पानांत तिच्याबद्दल अक्षर नव्हतं. ज्योत फिरवता फिरवता तात्या फुंकणी ओठांच्या कोपऱ्यात धरूनच विचारत, “रेघ दिसली का?” मी “दिसली” म्हटलं की ते ज्योत काढून घेत. मास्तर माणूस असल्यामुळे मला ती तोंडी परीक्षा वाटे, आणि आपण रोज उत्तीर्ण होतो याचा थोडा अभिमानही वाटे.

कडी निवली की ते ती शेजारच्या काळ्या दगडावर वीतभर उंचीवरून सोडत आणि मान कलती करून ऐकत. सांधा नीट बसला असेल तर कडी वाजते, नसेल तर नुसती पडते, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही आवाज सारखेच येत. “बसला,” ते म्हणत, किंवा “न्हाई बसला,” आणि माझी कडी एका पत्र्याच्या डब्यात टाकत. मी विचारलं, तात्या, तुम्हाला नेमकं काय ऐकू येतं? ते म्हणाले, “शेवट ऐकायचा. सुरवात समद्यांची सारखीच असतीया.”

रूथच्या बोटाचं माप दोऱ्यानं मागवलं होतं. तिनं पत्रातून दवाखान्यातला टाके घालायचा दोरा बोटाभोवती गुंडाळून, कापून पाठवला. तात्यांनी तो दोन बोटांत ओढून पाहिला. “बाई शानी हाय,” ते म्हणाले. “ह्यो दोरा ताणत न्हाई.” मी त्या दोऱ्याएवढी तार कापून मोठ्या काळजीनं तांब्याची अंगठी केली, तर ती माझ्या करंगळीच्या नखाशीच अडकली. मी वही काढून गणित तपासू लागलो. तात्या ती अंगठी बोटांवर फिरवत म्हणाले, “दोऱ्याला जाडी न्हाई मास्तर, तारंला हाय. तीन जाड्या वाढवायच्या, आन वर एक केस.” रात्री वहीत मांडून पाहिलं तर व्यास आणि परिघाचं गुणोत्तर लावून तेच उत्तर आलं, केसासकट. दुसऱ्या दिवशी मी हे त्यांना उत्साहानं सांगितलं. “मंग बरोबर हाय तुमचं पुस्तक,” ते म्हणाले.

आता जे लिहितो आहे ते मी फार दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत डोंगरातल्या एका वाडीवरची बाई लेकीच्या पायातला मोडलेला तोडा घेऊन आली. लेक दोन दिवसांनी सासरी निघायची होती. तात्यांनी तोडा तापवायला घेतला. मी नेहमीसारखा समोर होतो, पण मांडीवर उघडं पुस्तक होतं आणि एक परिच्छेद संपत आला होता. “रेघ दिसली का?” तात्यांनी विचारलं. मी पुस्तकातूनच म्हणालो, “दिसली.” त्यांनी ज्योत काढली. तोडा निवल्यावर दगडावर सोडला, मान कलती केली आणि तो पुन्हा उचलला. मग दोन्ही हातांनी तोडा जरा उघडला, तर सांधा कोरडा, जसाच्या तसा सुटून आला. डाग कडेला गोळा होऊन बसला होता, पळालाच नव्हता.

“मास्तर, खरंच दिसली हुती का?”

मला शरम वाटली, आणि ती झाकायला मी म्हणालो, “तुम्हीही बघत होता की, तात्या.”

बाहेर ती बाई लेकीशी काहीतरी बोलत होती तेवढं ऐकू येत होतं... चुलीपाशी बसलेल्या काकू उठून आल्या आणि माझ्या मांडीवरचं पुस्तक मिटून बाजूला ठेवत दबक्या आवाजात म्हणाल्या, “त्यास्नी दिसत न्हाई मास्तर. दोन वरसं झाली. समोरचं मानूस दिसतंय धुरकट, बारीक काय बी न्हाई.”

मग मागचं एकेक मला उलगडत गेलं. माझे हात चाचपले होते ते. दोरा बोटांनी पाहिला होता तो. आणि ती रोजची परीक्षा... माझ्या आधी काकू रेघ पाहत, पण गिऱ्हाईक समोर असलं की बाईमाणूस भट्टीपाशी बसलेलं लोकांना खपत नसे म्हणून त्या दारात बसत आणि तात्या अंदाजानं ज्योत काढत, आणि तात्यांचे डोळे गेले हे कळलं असतं तर डोंगरातून कुणी चांदी घेऊन आलंच नसतं. “गावात बोलू नका,” तात्या म्हणाले. त्यांनी एवढंच मागितलं. मी मान हलवली, मग लक्षात आलं, आणि म्हणालो, “नाही बोलणार.” तोडा आम्ही पुन्हा तापवला. तेव्हापासून मी रेघेवरची नजर हलवली नाही.

मे महिन्याच्या आधी चांदीची अंगठी झाली. आईचे रुपये मुशीत वितळले, त्यांवरचा इंग्रज राजाचा छाप शेवटपर्यंत तरंगत राहिला. तार मी ओढली, वळवली, टोकं मी घासली. ज्योत तात्यांची, डोळे माझे. त्यांनी ती दगडावर तीनदा सोडली. मला अजूनही काही ऐकू येत नव्हतं. “बसला,” ते म्हणाले. “बाईला सांगा, कवाबी वाजवून बगा.”

लग्नानंतर वर्षाच्या आतच माझी राहात्याला बदली झाली. शब्द दिला होता म्हणून रूथलाही मी काही सांगितलं नव्हतं. आपण मोठं इमान राखतो आहोत, असं मला वाटत होतं. दुष्काळाच्या वर्षी एकदा बोलता बोलता तोंडून गेलं. ती भाकरी करत होती. तवा उतरवून म्हणाली, “डोळे कसे दिसतात त्यांचे? बुबुळ पांढरट झालंय?” झालं होतं. “अहो, मोतीबिंदू आहे तो. नगरला आणलं असतं तर आठ-दहा दिवस पट्टी बांधून पडले असते आणि मग बारीक नक्षीसुद्धा केली असती त्यांनी. तुम्ही एवढं वाचता...” वाक्य तिनं पुरं केलं नाही. मी त्याच दिवशी पत्र लिहिलं. उत्तर पोस्टमास्तरांच्या अक्षरात आलं, पावसाळा जाऊ द्या. पावसाळ्यानंतर पुन्हा लिहिलं, तेव्हा दिवाळीचं काम हातावेगळं होऊ द्या, असं आलं. त्यानंतर आलं ते हे पोस्टकार्ड. छातीत कळ आली आणि संपलं, असं मागाहून कळलं. ते आले असते का, मला माहीत नाही. पण वर्षभर आधी विचारलं असतं, तर नाही म्हणायला त्यांना एक पावसाळा आणि एक दिवाळी जास्त शोधावी लागली असती. हे माझ्याकडून राहिलं.

तीन आठवड्यांनी मी राजूरला गेलो. घराचं दार उघडं होतं, आतून धूर येत होता आणि फुंकणीचा तो ओळखीचा, तुटक आवाज. मी चपला काढून उंबऱ्याशी थांबलो. “काकू?” “थांबा मास्तर,” आतून आवाज आला, “डाग देतीया.” तात्यांच्या जागी काकू बसल्या होत्या, आणि पलीकडे भिंतीला टेकून एक गिऱ्हाईक बाई निवांत पान खात होती. काकूंनी कडी निवू दिली, दगडावर सोडली, मान कलती केली. “बसला,” त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या. “इचारा की आता. कोन गेलं म्हनून.”

मी टोपी काढून हातात घेतली. त्यांनी उठून पत्र्याचा डबा आणून दिला. त्यात माझ्या सगळ्या ‘न्हाई बसला’ कड्या होत्या, मोजून तेवीस. तांबं वितळवून पुन्हा वापरलं असेल, असं मी धरून चाललो होतो. “वितळू देत नव्हते,” काकू म्हणाल्या. “फुटका आवाज घरात असावा, न्हाईतर चांगला कसा कळायचा, म्हनायचे. मी ह्याच वाजवून शिकले. आता तुमी न्या.” दगड मात्र मी मागितला नाही. तो त्यांना लागणार होता.

राहात्याला आल्यावर रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरातला पाटा पालथा घातला आणि एकेक कडी वीतभरावरून सोडत बसलो. रूथनं दोनेक सोडलेल्या पाहिल्या, मग न बोलता बोटातली अंगठी काढून माझ्या हातावर ठेवली. मी तांब्याची कडी सोडली, मग अंगठी, मग पुन्हा कडी. सारखंच. दोन्ही पडताना चमकतात, उडतात, गडगडतात, आणि मी पाहतच राहतो. कितव्या खेपेला कोण जाणे, मी डोळे मिटले... कडी पडली आणि जागच्या जागी संपली. अंगठी पडली, आणि तिचा आवाज बारीक होत होत थोडा पुढे गेला.

ऐकताना डोळे मिटायचे असतात, हे तात्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांना ते सुचायचं कारणच नव्हतं.