सास्तूरच्या अंगणात सिंफनी

गेल्या शतकातल्या युरोपातल्या एका संगीतकाराची, महायुद्धानंतर लिहिलेली एक सिंफनी मला फार जवळची आहे. शंभरेक वादक, तासभर वाजवतात, गाणारं कुणी नाही. उमरग्याच्या भाड्याच्या खोलीत मी ती हेडफोन लावून ऐकते, कारण घरमालकिणीच्या मते ती मयताची वाजंत्री आहे. मागच्या सुट्टीत सास्तूरला घरी आले तेव्हा नवा स्पीकर सोबत आणला. दुपारी आई शेतात होती, माझे वडील, आबा, अंगणात लिंबाखाली बाजेवर पडले होते. म्हटलं, आज मोठ्यानं ऐकू.

आबा छताखाली झोपत नाहीत. त्र्याण्णवच्या भूकंपात माझी मोठी बहीण गेली; मी नंतरची. तिच्याबद्दल आबांनी कधी ब्र काढला नाही. विचारलं की उठून गोठ्यात जायचे. मला त्याचा राग यायचा.

ही सिंफनी सुरू होते तीच अगदी खालच्या सुरात. मोठाली तंतुवाद्यं आणि नगारे असे घुमतात की कानाआधी पायाला कळतं. आमच्याकडे जमिनीतून अजूनही अधूनमधून गूढ आवाज येतो, आणि आला की गल्ली बाहेर पळते. तरी स्पीकर घरात फरशीवर ठेवायची अक्कल माझीच.

मी डोळे मिटून बसले होते. कुणीतरी मनगट धरून मला ओढलं. आबा होते, अनवाणी, गुडघेदुखी विसरून आत धावत आलेले. "चल, भाईर चल," म्हणत त्यांनी मला अंगणाच्या मधोमध आणून उभं केलं. शेजारीण पिठाच्या हातांनी बाहेर आली होती. धक्क्याची वाट बघत आम्ही सगळे उभे, आणि आतून व्हायोलिनं वाजू लागली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आबा, गाणं हाय ते. बंद करते."

शेजारीण न हसता परत गेली. आबांनी मनगट सोडलं नाही.

"ऱ्हाऊ दे. वाजू दे."

बाजेवर बसून आम्ही ती शेवटपर्यंत ऐकली. संथ भागात सनईच्या जातीचं एकच वाद्य बराच वेळ एकटं वाजत राहिलं. आबा जमिनीकडे बघत होते.

"तवा बी आवाज आला हुता," ते म्हणाले. "म्या भाईर पळालो. एकलाच. ती आत ऱ्हायली."



"आज आत आलात की, आबा."

त्यांनी माझं मनगट सोडलं आणि तोंडावर टॉवेल धरून ते रडले.