इंजिन निवडायला सासवडला

विमान तयार होतं, फक्त इंजिन नव्हतं. पंखांचा पसारा सात फूट, त्यामुळे मीरा रोडच्या आमच्या घरी पाहुणे आले की आधी विमान बेडरूममध्ये जायचं आणि मग पाहुणे सोफ्यावर बसायचे. कोलांट्या मारणारं, रेडिओ कंट्रोलचं विमान. बनवणारे बाबा, उडवणारी मी. मला उडवायला शिकवलंही त्यांनीच. त्या हिवाळ्यात मात्र त्यांच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. कडेचं दिसेल, समोरचं पुसट होत जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबा विचारलं की सांगायचे, "दिसतंय गं, अजून दिसतंय." म्हणून मला घाई होती. हे एक विमान त्यांना आकाशात दिसायला हवं होतं, बस.

पुण्याच्या क्लबची मंडळी रविवारी सासवडच्या पुढे एका माळावर जमणार होती आणि त्यांच्यातले मोहनराव स्वतःची दोन इंजिनं विकायला काढणार होते. शनिवारी पहाटे निघायचं ठरलं. लिफ्टमध्ये शेजारच्या जागृतीबेन भेटल्या.

"इंजिन लेने पूना जा रहे हो? अंकल, रिक्षा डाल रहे हो क्या?"

"नहीं बेन," बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "उससे थोडा ऊपर का है."

घोडबंदर रस्त्याने जाणार असाल तर उजाडायच्या आत निघा. वरसाव्याला गुजरातकडून आलेले ट्रेलर पुलावरून उतरून आपल्याला मिळतात, आणि पुढे रुंदीकरणाची खोदाई. एकदा अडकलात की नाश्ता तिथेच. आम्ही सुटलो, ठाणे मागे टाकलं आणि एक्स्प्रेसवेवर वडापाव खायला थांबलो. वडा गरम होता, चहा मात्र नुसतं साखरेचं पाणी.

गाडीत विषय एकच. मोहनरावांचं एक इंजिन पन्नास सीसीचं, पेट्रोलवर चालणारं टू-स्ट्रोक. दुसरं तीस सीसीचं फोर-स्ट्रोक, ते ग्लो. ग्लो म्हणजे मिथेनॉल आणि तेलाच्या मिश्रणावर चालणारं. इंधन मिळायची मारामार, आणि उडवून झालं की विमान भज्यासारखं तेलकट. पेट्रोलचं इंजिन थरथरतं, सगळे स्क्रू पुन्हा पुन्हा तपासावे लागतात, पण पंपावरचं पेट्रोल आणि थोडं ऑइल मिसळलं की काम झालं. शिवाय ताकद! आमचं विमान साडेसात किलोचं. नाक सरळ आकाशाकडे करून चढत राहायचं तर प्रॉपेलरची ओढ वजनाहून बरीच जास्त हवी, आणि ती पन्नासमध्येच होती.

"मग चाललोय कशाला? फोनवरच सांगायचं होतं," मी म्हटलं.

"ऐकल्याशिवाय घेत नाही मी," बाबा म्हणाले. "लग्नाआधी मुलगी बघतात, तसं इंजिन ऐकायचं असतं."

"आणि इंजिनाने नकार दिला तर?"

"तर कांदेपोहे खाऊन परत."

मुक्काम कोथरूडला आत्याकडे केला. रविवारी दिवेघाट चढून सासवडला पोचलो. हिवाळ्यात गेलात तर रस्त्याकडेची अंजिरं घ्या, पण टोपलीतली खालची बघून. माळावर थंड वारा होता आणि पाचसहा गाड्यांच्या डिक्क्यांमधून विमानं बाहेर येत होती. मला इतकं हलकं खूप दिवसांत वाटलं नव्हतं.

मोहनरावांनी आधी फोर-स्ट्रोक बसवलेलं विमान उडवलं. काय आवाज! जाड, संथ, खऱ्या विमानासारखा. बाबा खुर्चीतून उठले आणि बोट वर करून विमानाचा माग काढू लागले. "बघ, आता वळलं. आता आपल्या डोक्यावरून." मी खूश होऊन त्यांच्या बोटाकडे पाहिलं, मग विमानाकडे, मग पुन्हा बोटाकडे. बोट सारखं विमानाच्या जरा मागे होतं. विमान वळून पुढे गेलेलं असायचं आणि बोट त्याने सोडलेल्या जागेवर.

आवाज पोचायला वेळ लागतो. बाबा विमान बघत नव्हते, ऐकत होते. त्यांना आता आकाशातलं काहीच दिसत नव्हतं, आणि ते माझ्यापासून लपवत आले होते. मला रडू आलं आणि तितकाच रागही आला.

मग पेट्रोलवालं विमान उठलं. ते सरळ वर चढलं, प्रॉपेलरवर टांगल्यासारखं हवेत उभं राहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा कर्कश आवाज मागच्या डोंगरावर आपटून चहूबाजूंनी येत होता. बाबांचं बोट डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, आणि मग त्यांनी हात स्वेटरच्या खिशात घातला.

"फोर-स्ट्रोक घेऊ या," मी म्हणाले.

"का?"

"आवाज छान आहे."

"ते विमान वर जाताना दमेल."

"दमू दे. तुम्हाला कळत तरी राहील कुठे आहे ते."

कळलं हिला, हे बाबांनाही कळलं. "विमान कोलांट्यांसाठी बनवलंय मी," ते म्हणाले. "माझ्या कानांसाठी नाही. पेट्रोलवालं घे, आणि वाद घालू नकोस."

मी वाद घातला आणि हरले. इंजिनाचा भाव इथे लिहीत नाही, कारण हा ब्लॉग आईही वाचते. परतताना लोणावळ्याला चिक्की घेतली.

मग घराजवळ हाटकेशला बाबांच्या मित्राच्या गाळ्यात स्टँडवर बांधून, नुसतं चालवत ठेवून इंजिन रुळवलं आणि एका सकाळी विमान भाईंदरच्या मिठागरांपलीकडच्या मोकळ्या जमिनीवर नेलं. लांबच्या प्रवासातून माणूस काय आणतो, असं तुम्ही विचाराल. मी योग्य इंजिन आणलं, आणि एक गोष्ट जी मला कळू नये म्हणून बाबा सासवडपर्यंत धडपडत होते. दोन्ही घरात आहेत. दुसरीची सवय व्हायची आहे.

विमान उठलं. बाबा माझ्या खांद्याशी उभे होते. "कुठेय?" त्यांनी विचारलं, आणि मी सांगत गेले. खाडीच्या बाजूला. आता सरळ वर. अजून वर. आता उलटं, पोट आकाशाकडे, पंखांवर ऊन. "दमतंय का?" "अजिबात नाही." ते हसत होते. त्यांनी आपल्या हातांनी घासलेला प्रत्येक तुकडा तिथे वर होता, आणि तो त्यांना बघता यावा असं मला इतकं वाटत होतं की मी एकही वळण सांगायचं सोडलं नाही.

मग उतरवायचं म्हणून मी रिमोटवरचा थ्रॉटल खाली घेतला. इंजिन मंद झालं, विमान तरंगत खाली यायला लागलं, आणि वाऱ्यात आवाज जवळजवळ नाहीसाच झाला.

"उतरलं का गं?"

"नाही बाबा. अजून वर आहे."

"मग राहू दे ना जरा," ते म्हणाले.

मी थ्रॉटल पूर्ण उघडला आणि विमान परत वर नेलं.