हातगुणाची रोपं

रोपवाटिकेतल्या मावशींचा हातगुण असा, की त्यांच्याकडून एकदा रोपं नेलेला माणूस पुन्हा दुसऱ्या दारी जात नसे. मावशी नाकावर माशी बसू देणाऱ्यातल्या नव्हत्या. कुणी घासाघीस केली, की म्हणायच्या, "कोपऱ्यावर स्वस्तात मिळतील. मरतीलही स्वस्तातच."

रोज सकाळी झारीने पाणी घातलं, की त्या टोमॅटोच्या ट्रेंवरून शेंडे कुरवाळत या टोकापासून त्या टोकापर्यंत जात. त्याने रोप काटकुळं वाढत नाही, खोड जाड होतं. हे सासूने शिकवलेलं, आणि खोटंही नव्हतं. बी घरचं, मागच्या हंगामातल्या निवडक फळांचं. त्यातल्या दोन-चार फळांवर खरखरीत डाग होते. पण फळं इतकी टपोरी, की मावशींनी काणाडोळा केला.

यंदा त्यांच्या लेकीने पहिल्यांदाच स्वतःचं शेत केलं. अर्ध्या शेतात मिरची उभी होती, उरलेल्यात आईची टोमॅटोची रोपं लागली. पोटच्या पोरीसाठी मावशींनी सगळ्यात चांगले ट्रे काढून दिले होते.

चौथ्या दिवशी घरी उरलेल्या रोपांवर काळपट, ओलसर ठिपके दिसले. मावशींनी खापर खतावर फोडलं. पीक तपासणारी बाई आली, तिने पान भिंगाखाली धरलं आणि मग बराच वेळ ट्रेंच्या रांगेकडे बघत राहिली.

"मावशी, हात कुठून फिरवायला लागता?"

"दारापासून. का?"

"ठिपकेही दाराशीच दाट आहेत. आत जावं तसे विरळ." ती हळूच म्हणाली, "रोग बियातून आलाय. आला असेल दोन-चार रोपांत. पण ओल्या पानांवरून हात फिरला, की एकाचं सगळ्यांना."

एरवी मावशींनी तिला दाराबाहेर काढलं असतं. आज त्यांनी एवढंच विचारलं, "इथून गेलेल्या रोपांचं काय?"

"वरून चांगली दिसली तरी उपटून जाळायची. शेजारी मिरची असली, तर तिलाही लागतो हा."

मावशींनी लेकीला फोन लावला.

"अगं आई, चांगली तरारलीत की! काल नवी पानं फुटलीत."

"फुटू देत. सगळी उपट. आजच, पानं कोरडी असताना." आणि त्यांनी काय झालं ते सांगितलं. चूक आपलीच, हेही सांगितलं.

मग लेक म्हणाली, "तू ये मग. माझ्या एकटीच्याने नाही व्हायचं."

लेकीने बोलवावं आणि आपण जाऊ नये, असं आजवर झालं नव्हतं; तिच्या बाळंतपणाला तर मावशी अंगात ताप घेऊन गेल्या होत्या. हात साबणाने तीनदा धुऊन झाले होते. कपडे बदलले होते. तरी त्यांचा स्वतःवर विश्वास बसेना.

"मी नाही येत," त्या म्हणाल्या. "तुझी मिरची तरी वाचू दे."