मांडवातली सिगारेट

ह्यांचा सदरा धुवायला घेतला की मी आधी खिसा उलटा करते. आजही तंबाखूचा चुरा निघाला, तोच गोडसर वास. डॉक्टरांनी सिगारेट बंद करायला सांगून वर्षं झाली.

त्या वासानं मला माहेरी, कोरीटला, आमच्या लग्नाच्या मांडवात नेलं. त्या वर्षी लगीनसराईत एका सिगारेट कंपनीचा माणूस गावोगाव फिरत होता. ज्या घरी लग्न असेल तिथं तो नव्या सिगारेटची पाकिटं फुकट द्यायचा आणि मांडवाच्या दारावर कापडी फलक बांधायचा. आमच्या फलकावर सिगारेटचं नाव हातभर होतं, त्याखाली आम्हा दोघांची नावं बोटभर. तरी वडील खूश होते, कारण वऱ्हाडापुढे बिड्यांऐवजी सिगारेटचं तबक फिरणार होतं.

तबक आधी नवरदेवापुढे धरायची रीत. ह्यांनी कधी ओढली नव्हती, पण चारचौघांच्या आग्रहाला नाही म्हणता आलं नाही. कंपनीच्या माणसानं स्वतः काडी पेटवून धरली. पहिल्याच झुरक्याला हे इतके खोकले की मुंडावळ्या हलल्या. सगळा मांडव हसला. माझ्या मागे बसलेली मावशी कानाशी म्हणाली, "कसा खोकलना पाह्य. पोऱ्याले व्यसन नही शे. तुन्हं नशीब चांगलं शे, माय." मी मान खाली घालून हसले.

सदरा पिळून दोरीवर टाकला, तोवर आतून खोकला सुरू झाला. हात पुसून पाण्याचा तांब्या भरला. त्या दिवशी हाच खोकला ऐकून मी निर्धास्त झाले होते.