लाल मातीतली पाठ

काल कंबर धरली म्हणून बायकोनं हळद-तेल चोळलं, आणि त्या वासानं मला थेट भोंगवलीच्या जुन्या तालमीत नेऊन सोडलं. मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. आमचा बाळू पैलवान अचानक वारला. उभ्या आयुष्यात त्याची पाठ कुणाला मातीला लावता आली नव्हती.

आमच्याकडे माणूस गेला की पीठ पसरून जवळ दिवा ठेवतात आणि सकाळी त्यात पाऊल उमटलंय का बघतात. आम्ही बाळूवेड्यांनी पिठाऐवजी आखाड्याची हळद-तेल मुरलेली मातीच हातानं सारखी केली. इब्राहिम वस्तादांनी दाराला कुलूप घालून किल्ली कनवटीला खोचली.

सकाळी दार उघडलं, तर पाऊल एकही नव्हतं. मधोमध एक रुंद पाठ उमटली होती, दोन्ही खांद्यांसकट.

आम्ही उंबऱ्यावरच थिजलो. वस्ताद आत गेले, गुडघ्यांवर बसले आणि कानात बोलावं तसं म्हणाले, "बाळ्या, कुणी रं पाडलं तुला?"

तेव्हा मी बाळूच्या भुताला भ्यालो. भ्यायचं होतं ते त्याला पाडणाऱ्याला, हे आता कळतं.

तेल चोळून झाल्यावर बायको म्हणाली, "आवं, टेका आता पाठ."

मला काही केल्या टेकवेना.